सॅव्हॉयचा तालसम्राट चिक वेब

जाझ संगीताचा विषय निघाला की ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन वाजवणाऱ्यांची नावे चटकन ओठांवर येतात. ड्रम वाजवणाऱ्याचे नाव बहुधा शेवटी येते. आपल्याकडे मैफलीच्या जाहिरातीत गवयाचे नाव ठळक आणि तबलजीचे नाव बारीक अक्षरांत छापले जावे, त्यातलाच हा प्रकार. परंतु विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात एक वाद्यवृंद असा होता, ज्याचा नायकच ड्रमवादक होता. उंची जेमतेम चार फूट, पाठीला कुबड आणि मणक्यात बालपणापासून ठाण मांडून बसलेला क्षय. तरीही तो मंचाच्या मध्यभागी बसला की भलेभले वाद्यवृंद त्याच्यासमोर उभे राहण्यास कचरत. विल्यम हेन्री वेब हे त्याचे खरे नाव. जग त्याला चिक वेब म्हणून ओळखते.

'चिक' म्हणजे कोंबडीचे पिल्लू. खुज्या देहयष्टीमुळे मिळालेले हे टोपणनाव त्याने कधी झटकले नाही. उलट, त्याच नावाने तो हार्लेमवर राज्य करून गेला. मात्र या राज्याची मुदत अल्प होती. वेबला मोठी कीर्ती लाभली तेव्हा त्याच्या हाती अवघे एक वर्ष उरले होते.

वर्तमानपत्रे विकणारा मुलगा

वेबचा जन्म १० फेब्रुवारीचा, अमेरिकेच्या मेरीलँड राज्यातील बाल्टिमोर शहरातला. जन्मवर्षाबद्दल जुन्या नोंदींमध्ये एकवाक्यता नाही. काही ठिकाणी १९०९ असे आढळते, परंतु १९०५ हेच वर्ष आज सर्वसाधारणपणे ग्राह्य धरले जाते. घरची परिस्थिती बेताची होती. लहानपणी तो जिन्यावरून पडला आणि त्याच्या पाठीला दुखापत झाली. पुढे मणक्यांच्या क्षयाने त्याला ग्रासले. पाठीचा कणा वाकला, उंची खुंटली आणि पायांची हालचाल जेमतेम उरली.

आखडलेल्या सांध्यांना व्यायाम मिळावा म्हणून या मुलाने ड्रम वाजवावा, असा सल्ला डॉक्टरांनी दिला, असे त्याच्या चरित्रात सांगितले जाते. औषध म्हणून हातात आलेल्या काठ्यांनी पुढे त्याच्या आयुष्याचा ताबा घेतला. परंतु ड्रमचा संच ही गरिबाच्या घरातील वस्तू नव्हे. ती विकत घेण्यासाठी वेबने बाल्टिमोरच्या रस्त्यांवर वर्तमानपत्रे विकली. त्या पैशांतून वाद्य आले आणि मुलगा ते वाजवू लागला. गुरू नाही, शाळा नाही, नोटेशन वाचण्याचे शिक्षणही नाही. स्वरलिपी त्याला अखेरपर्यंत वाचता आली नाही.

किशोरवयातच तो 'जाझोला' नावाच्या वाद्यवृंदात दाखल झाला. चेसापीक उपसागरात सहलीच्या बोटी चालत. त्यांवर नाचणाऱ्या मंडळींसाठी हा वाद्यवृंद वाजवत असे. गावोगावच्या हौशी आणि अर्धव्यावसायिक बँडमध्येच त्या काळातील बहुतेक कृष्णवर्णीय वादक घडले. वेबलाही हाताला वळण लागले ते तिथेच. गिटारवादक जॉन ट्रूहार्ट याच्याशी त्याची मैत्री जुळली तीही याच दिवसांत. १९२४-२५ च्या सुमारास हे दोघे मित्र नशीब काढायला न्यूयॉर्कला आले.

हार्लेममधील उपासमारीचे दिवस

त्या वेळी हार्लेम ही कृष्णवर्णीय अमेरिकेची सांस्कृतिक राजधानी बनत होती. दक्षिणेकडील राज्यांतून हजारो कुटुंबे तिथे येऊन वसली होती. नाटक, काव्य, चित्रकला यांना बहर आला होता आणि रात्रीच्या क्लबांमधून जाझचा आवाज घुमत होता. परंतु वादकांची संख्या मोठी आणि कामे मोजकी, अशी अवस्था होती. वेबलाही काही काळ चणचणीत काढावा लागला.

या काळात त्याच्या मदतीला धावून आला तो ड्यूक एलिंग्टन. स्वतः एलिंग्टनही तेव्हा नुकता कुठे स्थिरावत होता. त्याच्या शिफारशीमुळे १९२६ मध्ये 'ब्लॅक बॉटम' नावाच्या क्लबमध्ये पाच जणांचा वाद्यवृंद घेऊन वाजवण्याची संधी वेबला मिळाली. खरे तर नायक होण्याची त्याला फारशी हौस नव्हती. ड्रम वाजवायला मिळावा, एवढेच त्याचे मागणे होते. परंतु जबाबदारी आली आणि ती त्याने अंगावर घेतली. पुढच्या 'पॅडॉक' क्लबमध्ये पाचाचे आठ वादक झाले आणि १९२७ मध्ये हा वाद्यवृंद प्रथमच सॅव्हॉय बॉलरूमच्या मंचावर चढला.

या पहिल्या पर्वात वेबच्या हाताखाली जॉनी हॉजेस हा सॅक्सोफोनवादक होता. १९२८ मध्ये हॉजेस एलिंग्टनच्या वाद्यवृंदात गेला आणि जगप्रसिद्ध झाला. ट्रम्पेटवादक कूटी विल्यम्सही वेबकडे काही काळ राहून पुढे एलिंग्टनकडेच गेला. चांगला वादक हेरायचा, त्याला घडवायचा आणि अधिक पगार देणाऱ्याने तो घेऊन जायचा, हा अनुभव वेबला वारंवार आला. १९२९ मध्ये आर्थिक मंदी आली तेव्हा अनेक वाद्यवृंद मोडले. वेबच्या माणसांनाही कामाविना दिवस काढावे लागले. तरीही गट बांधण्याचा नाद त्याने सोडला नाही.

दोन मंचांचे नृत्यगृह

वेबचे चरित्र सॅव्हॉय बॉलरूमपासून वेगळे काढता येत नाही. १२ मार्च १९२६ रोजी उघडलेले हे नृत्यगृह लेनॉक्स अव्हेन्यूवर १४० व्या आणि १४१ व्या रस्त्यांच्या दरम्यान, दुसऱ्या मजल्यावर होते. इमारतीची लांबी दोन रस्त्यांमधील संपूर्ण अंतराएवढी. नृत्याची फरशी घासून गुळगुळीत केलेल्या लाकडाची. त्या काळात न्यूयॉर्कमधील कित्येक नामांकित क्लब कृष्णवर्णीयांना मंचावर वाजवू देत, पण ग्राहक म्हणून आत घेत नसत. सॅव्हॉयमध्ये मात्र काळे आणि गोरे एकाच फरशीवर नाचत. तिथे प्रश्न एकच असे, तो म्हणजे माणसाला नाचता येते की नाही.

सॅव्हॉयच्या उद्घाटनाच्या काळात तिथे वाजवणाऱ्या वाद्यवृंदांपैकी एकाचा नायक होता व्हायोलिनवादक लिऑन ॲबी. हाच ॲबी १९३५ मध्ये आपला वाद्यवृंद घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. हार्लेममध्ये जो ताल नाचणाऱ्यांना झिंग आणत होता, त्याची चव मुंबईकरांनाही अशी लागली आणि गोव्यातून आलेल्या वादकांनी ती पुढे आत्मसात केली.

सॅव्हॉयमध्ये शेजारी शेजारी दोन मंच होते. एक वाद्यवृंद थांबला की दुसरा सुरू होई आणि संगीत कधी खंडित होत नसे. या रचनेतूनच वाद्यवृंदांच्या लढतींची प्रथा रुजली. एका मंचावर घरचा वाद्यवृंद, दुसऱ्यावर पाहुणा. निर्णय नाचणारे देत. १९३० च्या दशकाच्या आरंभी वेबचा वाद्यवृंद सॅव्हॉयचा घरचा वाद्यवृंद बनला आणि मग पाहुण्यांची खैर उरली नाही.

'लिंडी हॉप' हा नृत्यप्रकार याच फरशीवर वाढला. जोडीदाराला हवेत भिरकावून पुन्हा तालात झेलण्याची करामत फ्रँकी मॅनिंग या नर्तकाने १९३५ मध्ये इथेच प्रथम करून दाखवली. त्या वेळी वाजत होता तो वेबचाच वाद्यवृंद. नर्तकाचे पाय पाहून वेब ठेका बदलत असे आणि ठेका ऐकून नर्तक पाय. लावणीत ढोलकी आणि घुंगरू यांचे जे नाते असते, तेच इथे ड्रम आणि बुटांचे होते.

वाकलेल्या पाठीची हुकमत

वेबचा ड्रमसंच पाहण्यासारखा असे. त्याचा मोठा पायड्रम तब्बल २८ इंची होता. त्यामागे बसलेला वेब समोरच्यांना मोठ्या मुश्किलीने दिसे. त्यासाठी त्याची बैठक उंच व्यासपीठावर आणि वाद्यवृंदाच्या मध्यभागी असे. झांजा, लाकडी ठोकळे आणि छोटी तालवाद्ये हाताच्या टप्प्यात राहावीत म्हणून ती चाकांच्या एका चौकटीवर बसवलेली असत. त्याच्या पायांना पोहोचतील अशी पावटीही खास बनवून घेतलेली होती.

जाझच्या मोठ्या वाद्यवृंदात ड्रमवादकाचे काम केवळ ठेका धरण्याचे नसते. बारा-चौदा वादकांचा गट, त्यात ट्रम्पेट आणि ट्रॉम्बोनची एक फळी, सॅक्सोफोनची दुसरी. या दोन्ही फळ्यांना एकाच श्वासात वाजते ठेवायचे, पुढचा तुकडा येण्याआधी त्याची चाहूल द्यायची, एखादा वादक एकट्याने वाजवू लागला की त्याच्याखाली जमीन पसरायची आणि हे करताना चार मात्रांचा प्रवाह तसूभरही घसरू द्यायचा नाही, असे हे काम आहे. ड्रमवादक कच्चा असेल तर उत्तमोत्तम वादक जमवूनही वाद्यवृंद लंगडा पडतो. म्हणूनच चांगला ड्रमवादक शोधताना त्या काळातील प्रत्येक नायकाची दमछाक होत असे. वेबच्या बाबतीत नायक आणि ड्रमवादक एकच होते.

स्वरलिपी वाचता येत नसली तरी त्याची स्मरणशक्ती विलक्षण होती. नवी रचना सरावात एकदोनदा वाजली की ती त्याला पाठ होई. मग प्रत्येक वाद्याचा तुकडा तो गुणगुणून दाखवत असे. कोणाचा सूर घसरला, कोण मात्राभर मागे पडला, हे त्याला नेमके कळे. हातवारे करून संचलन करण्याऐवजी तो ड्रमवरील एका थापेनेच संपूर्ण गटाला इशारा देई. त्याच्या तुकड्यांत गती तर होतीच, पण तीपेक्षा विरामांची जाण अधिक होती. कुठे वाजवायचे याइतकेच कुठे थांबायचे, हे त्याला ठाऊक होते.

वाद्यवृंदाला स्वतःची ओळख मिळवून दिली ती एडगर सॅम्पसन या सॅक्सोफोनवादक रचनाकाराने. 'स्टॉम्पिन ॲट द सॅव्हॉय' आणि 'डोन्ट बी दॅट वे' या त्याच्या रचना प्रथम वेबच्या वाद्यवृंदासाठी उभ्या राहिल्या. परंतु त्या घराघरांत पोहोचल्या त्या बेनी गुडमन या गौरवर्णीय नायकाच्या रेकॉर्डवरून. मोठी हॉटेले, नभोवाणीचे प्रायोजक आणि चित्रपट यांचे दरवाजे गुडमनसाठी उघडे होते, वेबसाठी ते अर्धेच उघडत. कृष्णवर्णीय वादकांच्या एका संपूर्ण पिढीच्या वाट्याला हा अन्याय आला.

११ मे १९३७

वेबच्या आयुष्यातील सर्वांत गाजलेली रात्र या पार्श्वभूमीवर पाहिली पाहिजे. गुडमन तेव्हा लोकप्रियतेच्या शिखरावर होता. त्याच्याकडे ड्रमवर जीन क्रूपा हा देखणा, तरुण वादक होता आणि देशभरातील तरुणाई क्रूपावर लुब्ध होती. सॅव्हॉयमध्ये वेब आणि गुडमन यांची लढत जाहीर झाली तेव्हा हार्लेममध्ये अक्षरशः जत्रा लोटली. सुमारे चार हजार लोक आत शिरले आणि त्याहूनही अधिक लोक रस्त्यावरून परत फिरले, असे तत्कालीन वृत्तांत सांगतात. बंदोबस्तासाठी पोलिसांची कुमक बोलवावी लागली.

वेबसाठी ही साधी चुरस नव्हती. ज्या रचना त्याच्या वाद्यवृंदासाठी जन्मल्या, त्या वाजवून प्रतिस्पर्ध्याने नाव कमावले होते. आता दोघे एकाच छताखाली, एकाच श्रोत्यांसमोर उभे होते. वेबने आपल्या माणसांची कसून तयारी करून घेतली होती. त्या रात्री गुडमनच्या प्रत्येक रचनेला वेबच्या वाद्यवृंदाने अधिक धारदार उत्तर दिले. नाचणाऱ्यांनी कौल दिला तो घरच्या वाद्यवृंदाला. अखेरीस क्रूपाने वेबसमोर वाकून त्याला सर्वांदेखत मानवंदना दिली. पराभव इतक्या दिलदारपणे स्वीकारणाऱ्या क्रूपाने पुढेही वेबचे ऋण वेळोवेळी मान्य केले.

पुढील वर्षी, १६ जानेवारी १९३८ रोजी, योगायोगाने नियतीचे दोन्ही चेहरे एकाच रात्री दिसले. गुडमनचा वाद्यवृंद त्या संध्याकाळी न्यूयॉर्कच्या प्रतिष्ठित कार्नेगी हॉलमध्ये वाजला आणि त्याने कार्यक्रमाचा आरंभ केला तो सॅम्पसनच्या 'डोन्ट बी दॅट वे' या रचनेने. त्याच रात्री हार्लेममध्ये वेबची गाठ काउंट बेसीच्या वाद्यवृंदाशी पडली. त्यात ड्रमवर जो जोन्स होता. या लढतीत कोण जिंकले यावर जाणकारांत आजही मतभेद आहेत. कार्नेगी हॉलमधील मैफल आटोपून अनेक वादक आणि रसिक थेट सॅव्हॉयला गेले, हे मात्र निर्विवाद आहे.

एला नावाची मुलगी

वेबचा वारसा केवळ तालापुरता नाही. नोव्हेंबर १९३४ मध्ये हार्लेमच्या अपोलो थिएटरमध्ये हौशी कलावंतांच्या स्पर्धेत एका सतरा वर्षांच्या मुलीने पहिला क्रमांक पटकावला. आईचे छत्र हरपलेली, सुधारगृहातून पळालेली, राहण्याचा ठावठिकाणा नसलेली ही मुलगी म्हणजे एला फिट्झगेराल्ड. वेबच्या वाद्यवृंदातील मंडळींनी तिचे नाव पुढे केले तेव्हा तो फारसा उत्सुक नव्हता. मंचावर शोभेल असे रूप आणि पेहराव तिच्याकडे नाही, असे त्याला वाटले. परंतु तिचे गाणे ऐकल्यावर, तिला एकदा अजमावून पाहण्यास तो राजी झाला. श्रोत्यांनी तिला डोक्यावर घेतले आणि १९३५ मध्ये ती वाद्यवृंदात कायमची दाखल झाली.

वेबने तिला कायदेशीर दत्तक घेतले, अशी कथा पुढे प्रसृत झाली. तिला कागदोपत्री आधार सापडत नाही. परंतु एका निराधार मुलीला स्थैर्य, नियमित उत्पन्न आणि गाण्याची शिस्त त्याच्यामुळे लाभली, हे खरे. ज्याला स्वतःला दिसण्यावरून जग जोखत आले, त्याने दिसण्यावरून नाकारलेल्या मुलीला अखेर आवाजावरून स्वीकारले, यातच त्याचे मोठेपण आहे.

२ मे १९३८ रोजी एलाने वेबच्या वाद्यवृंदासोबत 'अ-टिस्केट, अ-टास्केट' या जुन्या बालगीतावर बेतलेले गाणे ध्वनिमुद्रित केले. त्याने विक्रीचे उच्चांक मोडले. वाद्यवृंदाला मोठी हॉटेले आणि थिएटरे खुली झाली. पैसा आला. मात्र यशाला एक किनार होती. श्रोते आता एलाला ऐकायला येत होते आणि वाद्यवृंद तिच्या गाण्यांभोवती फिरू लागला होता. अस्सल जाझच्या चाहत्यांनी नाराजीचे सूर लावले. वेबने मात्र बदलत्या वाऱ्याची दिशा ओळखली होती. इतकी वर्षे सोबत राहिलेल्या माणसांना भरीव पगार द्यायचा, तर लोकप्रिय गाणे हवेच, हा व्यवहार त्याला उमगला होता.

अखेरची लढत

मणक्यांचा क्षय मात्र कोणत्याही लढतीत हार मानत नव्हता. वेदना वाढत गेल्या. कार्यक्रम संपल्यावर वेब अनेकदा कोसळत असे. तरीही मंचावर असेपर्यंत चेहऱ्यावर काही दिसू द्यायचे नाही, हा त्याचा निर्धार होता. त्याने विश्रांती घेतली तर वाद्यवृंदाचे काम थांबे आणि काम थांबले की चौदा-पंधरा घरांचा पगार. मंदीचे दिवस पाहिलेल्या माणसाला ते मान्य होणे शक्य नव्हते.

जून १९३९ मध्ये दौऱ्यावर असताना प्रकृती फारच ढासळली आणि त्याला बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात दाखल करण्यात आले. ज्या शहराच्या रस्त्यांवर त्याने वर्तमानपत्रे विकली, त्याच शहरात १६ जून १९३९ रोजी त्याने अखेरचा श्वास घेतला. शेवटच्या क्षणी त्याने आपल्याला उठवून बसवण्यास सांगितले आणि जमलेल्यांची क्षमा मागून निरोप घेतला, असे सांगितले जाते. वय अवघे ३४. क्षयावर गुणकारी ठरलेले स्ट्रेप्टोमायसिन हे औषध त्यानंतर चार वर्षांनी, १९४३ मध्ये सापडले. त्याच्या अंत्ययात्रेला बाल्टिमोरमध्ये प्रचंड जनसमुदाय लोटला आणि एलाने गाऊन त्याला अखेरचा निरोप दिला.

वाद्यवृंद पुढे एलाच्या नावाने १९४२ पर्यंत चालला. ड्रमवर बिल बीसन हा अनुभवी वादक बसला. त्याने आपले काम चोख केले. परंतु वाद्यवृंदाच्या मध्यभागी असलेली ती उंच बैठक भरून निघाली नाही. नवा ड्रमवादक मिळाला, नवा वेब मिळाला नाही.

दुर्दैवाने त्याच्या वादनाची खरी ताकद रेकॉर्डवर पुरेशी उतरलेली नाही. त्या काळातील ध्वनिमुद्रण यंत्रणेला मोठ्या ड्रमचा आघात पेलत नसे, त्यामुळे ड्रमचा आवाज दबून जाई. तरीही १९३७ चे 'हार्लेम काँगो' आणि १९३८ चे 'लायझा' ऐकताना त्याच्या हातांतील वीज कानांना जाणवते. क्रूपा, बडी रिच यांच्यासारख्या पुढच्या दिग्गजांनी त्याला आदर्श मानले, ते रेकॉर्ड ऐकून नव्हे. सॅव्हॉयमध्ये उभे राहून त्यांनी त्याला प्रत्यक्ष ऐकले होते. ते सॅव्हॉयही १९५८ मध्ये बंद झाले आणि इमारत पाडण्यात आली.

बाल्टिमोरने मात्र आपल्या मुलाची आठवण निराळ्या प्रकारे जपली. वर्णभेदाच्या त्या काळात शहराच्या पूर्व भागातील कृष्णवर्णीय मुलांना खेळण्यासाठी, पोहण्यासाठी हक्काची जागा नव्हती. अशी जागा वेबच्या नावाने उभी राहावी, या विचाराने १९४० मध्ये निधी उभारण्यासाठी मोठा कार्यक्रम झाला. त्यात एला आणि मुष्टियोद्धा जो लुई यांचा सहभाग होता. १९४७ मध्ये चिक वेब स्मृती क्रीडाकेंद्राचे दरवाजे मुलांसाठी उघडले. लहानपणी ज्याला धड धावताही आले नाही, त्याच्या नावाच्या वास्तूत शहरातील मुलांच्या अनेक पिढ्या धावल्या, पोहल्या आणि खेळल्या.